बामनदेशी

चुकीचं ऐकायला माणूस बहिरंच असावं लागतं असं काही नाही. आमच्या गावात बहिरी म्हणाल तर एकटी राहीबाई होती. पण तिनं ऐकलेला एक चुकीचा शब्द अख्ख्या गावानं तीस वर्षं छातीशी धरून ठेवला, आणि त्यापायी एका बाईला सरकार सरहद्दीपार धाडायला निघालं. मी तेव्हा एस.टी.त कंडक्टर होतो, खर्डा-कर्जत गाडीवर. माझं नाव गहिनीनाथ. हे नाव माझ्या कानात पहिल्यांदा सांगितलं ते त्याच बाईनं, म्हणून या गोष्टीत माझंही थोडं काम आहे. ते पुढं येईल.

राहीबाईचा मुलगा सहादेव पलटणीत खेचरं हाकायला होता. जपान्यांनी रंगून घेतलं तेव्हा ही पलटण जंगलातून पायी माघारी आली. वाटेत बॉम्बमध्ये घरदार गेलेली एक पोरगी होती, मागं कुणीच उरलेलं नाही अशी. सहादेवनं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. बेचाळीस सालच्या दिवाळीत दोघं आमच्या गावात, खर्ड्याच्या अलीकडं, राहीबाईच्या दारात येऊन उभी राहिली. पोरगी ठेंगणी, उजळ, बारीक डोळ्यांची. राहीबाई भाकरतुकडा घेऊन बाहेर आली आणि ओवाळायच्या आधी तिनं विचारलं, "कोन जात?"

"ब्रह्मदेशी हाय," सहादेव म्हणाला.

म्हातारीनं कानामागं हात धरला. "बामन देशी? देशस्थ बामन?"

सहादेवनं अजून एकदा सांगितलं. पण तोवर म्हातारी भाकरतुकडा टाकून सुनेच्या पायाशी वाकली होती, आणि दारात जमलेल्या बायका एकमेकींना ढोसत होत्या की सहादेवनं बामनाची पोर पळवून आणली. आता तुम्हीच सांगा, त्या जागी तुम्ही काय केलं असतं? परमुलखाची, परधर्माची पोर म्हणून कळलं असतं तर त्याच भाकरीसकट म्हातारीनं दोघांना वेशीबाहेर घातलं असतं. सहादेव गप बसला. बायकोलाही म्हणाला, आई आहे तोवर तू पण गप बस. समुद्रापलीकडची म्हणून त्यानं तिचं नाव लंका ठेवलं. लंका म्हटलं तरी गावात कुणाला शंका आली नाही, इतकं आमचं गाव हुशार.

गावात बामनाचं घर नव्हतं. लग्नं लावायला खर्ड्याहून जोशीबुवा यायचे. त्यांनी एकदा तिला गोत्र विचारलं, तर गावानंच त्यांना गप्प केलं: पळून आलेल्या पोरीला बापाचं गोत्र विचारता, काळीज हाय का न्हाई तुमाला. तिचं माहेर तर कुणीच कधी विचारलं नाही. तुटलेल्या माहेराचं नाव काढून बामनीनबाईचा जीव कशाला दुखवायचा, असा सगळ्यांचा समजूतदारपणा.

ती आली त्याच कार्तिकात माझा जन्म. माझ्या वडलांना बहीण नव्हती, आणि बारशाला कानात नाव सांगायला आत्या लागते. आजीनं ठरवलं, आत्या नाही तर नाही, बामनीन तर आहे. लंकाबाईला तेव्हा मराठीचा 'म' येत नव्हता, पण बामनांची बोली निराळीच असणार असं गावानं धरून घेतलं होतं. तिला ते नाव पाठ करायला लावलं आणि तिनं माझ्या कानात कसंबसं नाव सांगितलं. बायका हसल्या, पण त्याही पदर तोंडाला लावून. बामनीनीला मोठ्यानं कोण हसणार.

लोकांना वाटतं मान मिळाला की माणूस सुखी होतो. मी त्या बाईकडं बघत लहानाचा मोठा झालोय, मला विचारा. तिच्या पाया पडायला सगळ्या यायच्या, पण जात्यावर तिच्यासमोर कुणी बसायची नाही. नदीला धुणं धुवायला गेली तर बायका तिला वरच्या अंगाचा धोंडा सोडून खाली सरकायच्या आणि तिथं आपापसात खिदळायच्या. तिला कुणी थट्टेनं ढकललं नाही, कुणी तिच्याशी भांडलं नाही. सगळ्या "तुमी, बाई" म्हणायच्या. आपल्या घरचं शिजलेलं तिला द्यायचं म्हणजे पाप, म्हणून सणाला तिच्या दारात कोरडा शिधा जायचा, पीठ, डाळ, गूळ. तो तिनं एकटीनं शिजवायचा आणि एकटीनं खायचा.

आधी राहीबाई गेली. मग पाऊणएक वर्षात सहादेवला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तोही गेला. मूलबाळ नव्हतं. जिच्यापायी गप बसायचं तीही गेली आणि गप बस म्हणणाराही गेला, आता खरं सांगायला हरकत नव्हती. पण सांगणार कुणाला? खरं सांगायला जवळचं माणूस लागतं, आणि बामनीनीच्या जवळ कोण बसतं.

तिच्या भिंतीला भिंत लावून कडूबाईचं घर. कडूबाई नावासारखी, गावातल्या पाटलालाही तोंडावर बोलणारी. पण घरात बोंबील भाजायचा झाला की ती आधी उठून लंकाबाईच्या बाजूची खिडकी लावून घ्यायची. शेजारी बामनीन आहे, वास जायला नको. खिडकीच्या पलीकडं लंकाबाई भिंतीला टेकून बसायची, हे कडूबाईला कसं ठाऊक असणार? पुढं लंकाबाईनंच मला सांगितलं. तिच्या मुलखात सुकवलेल्या मासळीवाचून घास उतरत नाही. खिडकीच्या फटीतनं जेवढा वास येईल तेवढा ती घ्यायची आणि पिठलं भाकरी खायची. हे ऐकून मला तिचा राग आला होता. बाई, एक हाक तर मारायची होतीस. पण हाक मारायची तरी कोणत्या नावानं, असंही वाटलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना नको वाटेल. एवढंच सांगतो की गावच्या नालाबांधाच्या दुष्काळी कामावर कडूबाईपासून सगळ्या खडी फोडायला गेल्या. लंकाबाईही हातोडा घेऊन गेली. तर बायकांनी तिच्या हातातला हातोडा काढून घेतला. "बामनीनीनं खडी फोडावी म्हंजे आमच्यावर अजून तीन साल पाऊस न्हाई पडायचा. तुमी घरी बसा, आमी शिधा धाडतो." शिधा धाडला, नाही असं नाही. पण ज्यांच्या चुलीतच काही नाही त्या किती दिवस धाडणार? आधी पीठ कमी झालं, मग यायचंच थांबलं. मागायची तिला सवय नव्हती, आणि द्यायला कुणाकडं नव्हतं.

एका सकाळी ती माझ्या गाडीत चढली. म्हणाली, कर्जतला सोड. मी विचारलं, कर्जतला कुठं? म्हणाली, "जिथं मला कुनी वळखत न्हाई तिथं."

कर्जतच्या पुढं एका पाझर तलावाचं काम चालू होतं. तिथं तिला हातोडा मिळाला. आठवडाभर ती चार परक्या बायकांत बसून खडी फोडत होती आणि त्यांच्याबरोबर कामावर वाटलेली सरकारी सुकडी खात होती. तिथल्या मस्टर कारकुनानं आठवड्याच्या पगारासाठी नावं लिहिताना नाव विचारलं, नवऱ्याचं विचारलं, आणि आपली माणसं विचारतात तसं सहज विचारलं, "बाई, माहेर कुठलं?"

तीस वर्षांत तिला हे विचारणारा तो पहिला माणूस. तिनं सांगून टाकलं. "ब्रह्मदेश."

कारकून आधी हसला. मग हसायचा थांबला. आदल्या वर्षी लढाई होऊन गेलेली, परदेशी माणूस दिसला की कळवा असं सगळीकडं बजावलेलं. त्यानं कळवलं. पोलिसांनी तिला नेलं, कागद मागितले. तिच्याकडं कागद म्हणाल तर रेशनकार्डसुद्धा सहादेवच्या नावाचं, तेही उंदरांनी खाल्लेलं. परकी बाई, विनापरवाना राहिली, असा खटला उभा राहिला. आमचे सरपंच आसाराम जामीन राहिले म्हणून ती घरी तरी आली.

कर्जतच्या वकिलांनी आम्हाला नीट समजावलं. खटला हरलो तर शिक्षा, आणि शिक्षा भोगून झाली की सरहद्दीपार. वर या कायद्यात आरोप करणाऱ्यानं काही सिद्ध करायचं नसतं, आपण परके नाही हे आरोपीनंच सिद्ध करायचं. मी विचारलं, गरिबाला सरकार वकील देत नाही का? म्हणाले, खुनाबिनाचा मोठा खटला असला तर देतं, असल्याला नाही. म्हणजे बघा, बाईला हाकलायला जो वकील उभा राहणार तो सरकारच्या पैशानं, आणि तिला ठेवायला जो उभा राहील त्याची फी तिनं द्यायची. माझं डोकं फिरलं. मी वकिलांवरच ओरडलो. ते बिचारे म्हणाले, कायदा मी केलेला नाही, आणि माझंही पोट आहे.

म्हणून आसारामनं चावडीसमोर ग्रामसभा बोलावली. प्रश्न एकच: बामनीनीच्या वकिलाची फी पंचायतीच्या फंडातनं द्यायची का नाही. गाव तयारच होतं. बामनीन तुरुंगात गेली तर पाप कुणाच्या माथी? शिवाय सगळ्यांची खात्री की चूक पोलिसांची आहे. बाई म्हणाली असेल बामनदेशी, त्या शिकलेल्या खुळ्यांनी लिहिलं ब्रह्मदेशी. ग्रामसेवक एकटा कुरकुरत होता. पैसा कोणत्या सदराखाली दाखवायचा, म्हणाला, वकिलाचं सदरच नाही. छगन मागनं म्हणाला, कोंडवाड्याचं हाय की. थोडे हसले. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो खाली बसला. शेवटी 'किरकोळ' या सदराखाली द्यायचं ठरलं, आणि आसाराम हात वर करा म्हणणार, एवढ्यात लंकाबाई उठली. चावडीवर ती कधी बोलली नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "पोलिसांचं बरूबर हाय. मी बामनीन न्हाई. मी ब्रह्मदेशची. माझं नाव मा खिन. सासूला ऐकू आलं न्हाई, आन मालक गप ऱ्हायले, आन मी बी. गावाचा पैसा चुकीच्या बाईला जातुया. तेवढं सांगाया उठले."

आणि ती खाली बसली. म्हाताऱ्या बायका आपल्या हातांकडं बघत होत्या, त्याच हातांनी त्यांनी तिचे पाय धरले होते. मग एकदम कालवा झाला. छगन परत उठला, आता त्याला बळ आलं होतं. "प्यायाला पानी न्हाई, टँकरच्या मागं बाया डोकी फोडून घेत्यात, आन आपुन परमुलखातल्या बाईला वकील द्यायचा? कागद न्हाई, मत न्हाई, घरपट्टी सुदिक सासूच्या नावानं. तिचा फंडाशी संबंध काय?" आणि खरं सांगतो, बऱ्याच माना डोलत होत्या. छगन वाईट माणूस नव्हता. त्याचे बैल त्याच आठवड्यात जनावरांच्या छावणीत मेले होते.

आसाराम माझ्याकडं बघायला लागला. मी काही बोलायच्या आत बायकांतनं कडूबाई उठली.

"छगन, तुजं झालं आसंल तर मी बोलते. ती कर्जतला का गेली? हितं आपुन तिच्या हातातला हातोडा वढून घेतला म्हून. आन शिधा धाडतो म्हनलो आन धाडला न्हाई म्हून. हातोडा म्या घेतला हुता, ह्या हातानं. पोलिसांनी तिला धरली, पर धाडली कुनी? गावानं. चूक गावाची, मग भुर्दंड बी गावाचा. ती बामनाची का ब्रह्माची, त्ये मागनं बघू. तीस वर्सं आपल्या हिरीचं पानी पिऊन जी जगली ती परमुलखातली आसंल, तर आमी समद्या सासुरवाशिनी बी परमुलखातल्याच. काडा आमाला बी भाईर."

आसारामनं हात वर करा म्हटलं. हात आले, पण भराभर नाही, एकेक करून, शेजारच्याकडं बघत. छगननं केला नाही. मोजून जास्त भरले एवढंच. फी 'किरकोळ'मधनं गेली. लंकाबाई उठून एकटीच घरी गेली, आणि त्या दिवशी रस्त्यात तिच्या पाया कुणी पडलं नाही.

वकील म्हणाले, आता खोटं बोलायची गरजच नाही. पन्नास साली देशाची घटना लागू झाली त्याच्या आधी पाच वर्षं ज्याचं राहणं आणि घर इथं होतं, तो इथलाच. बाई कधी आली तेवढं दाखवा. आता आली ना पंचाईत. जिच्याकडं कागदच नाही तिचं येणं कशावरनं दाखवणार? कडूबाईनं माझ्याकडं बोट केलं. "हा काय, चालता बोलता हुबा हाय."

कर्जतच्या कोर्टात कडूबाईनं साक्ष दिली की या गहिनीनाथाच्या बारशाला नाव हिनं सांगितलं, आणि का सांगितलं तेही सांगितलं. कोर्टात हशा पिकला. मग मी माझा शाळेचा दाखला दिला. त्यात जन्मतारीख एक जून त्रेचाळीस. सरकारी वकील म्हणाले, साक्षीदार तर कार्तिकात जन्मलो म्हणतो. मी म्हणालो, साहेब, आमच्या गुरुजींनी सगळ्या गावाला एक जूनला जन्माला घातलंय, पण जन्मल्याशिवाय शाळेत कुणाला घातलेलं नाही, आणि दोन्हीतली कुठलीही तारीख धरा, पाच वर्षं भरतात. तिला बामनीन समजले म्हणून तिच्याकडनं नाव ठेवलं, आणि नाव ठेवलं म्हणून साल सापडलं. ज्या चुकीनं तिला एकटं पाडलं तीच त्या दिवशी तिच्या बाजूनं उभी होती.

पण सरकारी वकिलांनी एक साक्षीदार आणला होता. नागापूरच्या नव्या कारखान्यात वॉचमन असलेला एक म्हातारा. अर्धा जन्म रंगूनमध्ये गेलेला, तिथनं हाकललेल्या लोकांबरोबर इकडं आलेला. बाई तिकडचीच आहे हे त्यानं दाखवायचं होतं. न्यायाधीश म्हणाले, हिच्याशी त्या भाषेत बोला.

म्हातारा पुढं आला. लंकाबाईनं आधी त्याच्याकडं बघितलंच नाही. त्यानं हळू आवाजात विचारलं, "थमिन सा पीबीला?"

ती चमकली. तिचे ओठ हलले. मी तिला इतकी वर्षं ओळखत होतो, पण असा चेहरा मी पाहिला नव्हता. ती आत कुठंतरी शोधत होती, घरात ठेवलेली वस्तू हाताला लागत नाही तसं. शेवटी तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि ती मराठीत म्हणाली, "न्हाई. आजून जेवले न्हाई."

न्यायाधीशांनी म्हाताऱ्याला विचारलं, तू काय विचारलंस? तो म्हणाला, "साहेब, हमारे उधर मिलते ही यही पूछते हैं, खाना हो गया क्या." आणि त्यानंही रुमाल काढला.

निकाल आठवड्यानं लागला. बाई परकी नाही, इथलीच आहे. आसारामनं गूळ वाटला. पण मी जातायेता बघत होतो, निकालानंतर लंकाबाईची गल्ली आधीपेक्षा ओस पडली. पाया पडणं बंद झालं, शिधा बंद झाला, आणि त्याच्या जागी काय करायचं ते कुणाला सुचेना. कुणी रागावलं होतं असं नाही. तिला हाक काय मारायची हेच ठरत नव्हतं, म्हणून कुणी मारतच नव्हतं. आता ती गावच्या बांधावर खडी फोडायला जायची, पण बायकांपासून जरा लांब बसायची, आणि तिला जवळ बोलवायचं कुणाला सुचत नव्हतं. एकदा गाडीत ती मला म्हणाली, "गहिनी, भाषा बी गेली रं माजी. त्यानं इचारलं, मला समजलं, पर तोंडात काय बी आलं न्हाई. आता मी कुठलीच न्हाई." मी पुढच्या माणसाचं तिकीट फाडलं.

नंतरच्या रविवारी मी कडूबाईकडं जेवायला होतो. तिनं खर्ड्याच्या बाजारातनं बोंबील आणले होते. भाजायला घेतले आणि सवयीनं खिडकी लावायला उठली. हात खिडकीवर तसाच राहिला. मग तिनं ती सताड उघडली आणि पलीकडं तोंड करून ओरडली, "लंकाबाई, जेवलीस का गं?"

लंकाबाई दारात येऊन उभी राहिली. कडूबाईच्या सुनेनं घाईघाईनं पाट पुसून वेगळा मांडला, भिंतीकडं, इतरांपासून लांब. तीस वर्षांची सवय, तिचाही दोष नाही. लंकाबाईनं त्या पाटाकडं बघितलं, तिथली ताटली उचलली आणि चुलीजवळ आमच्या पंगतीत खाली जमिनीवर येऊन बसली. सून सासूकडं बघत राहिली.

कडूबाई बोंबील घेऊन आली. जागा अरुंद, तिला बसायला मिळेना. "सरक की गं जरा," ती लंकाबाईला म्हणाली.

लंकाबाई सरकली, आणि कडूबाई तिच्या मांडीला मांडी लावून बसली.